रांजणातली टकटक

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, ही तर शिंप्याची लाकडी मीटरपट्टी. म्हणा, माझी हरकत नाही. मी तीच आहे. वय झाले आहे, मधोमध तडा गेला आहे, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या आहेत. सदतीस आणि अडतीस हे माझे आकडे पुसले गेले, कारण तिथे एका शिंप्याचा अंगठा तीस वर्षे बसला. आणि विसाव्या आकड्यावर एक लाल दोरा बांधला आहे. तो पुढे गोष्टीत येईल. मी मोजपट्टी आहे, तेव्हा पदरचे काही घालणार नाही. जे सांगते ते मोजून.

माझी भावंडे शाळांमध्ये गेली. तिथे त्यांचा उपयोग मोजण्यासाठी कमी आणि मुलांच्या तळहातांवर जास्त झाला, असे ऐकते. मी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानात गेले. म्हातारबुवांच्या दोन सवयी होत्या. एक, माप घेऊन झाले की खडूची पूड झटकायला ते मला टेबलावर दोनदा आपटत. टक टक. दुसरी, ते एकच वाक्य आयुष्यभर बोलत राहिले : "माणसाचं माप दोन दिवस सारखं येत नाही. आलं, तर समजावं, मोजलं नाही."

त्यांच्या मुलाने सुईदोरा काही हाती धरला नाही. तो एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात तंत्रज्ञ झाला. पण शिंप्याच्या घरचा, म्हणून तिथेही सगळे त्याला 'मास्तर'च म्हणू लागले. जे टाळायला माणूस घर सोडतो, ते पुढच्या स्टेशनावर त्याची वाट बघत उभे असते.

त्या तळघरात एक पोलादी टाकी होती. उंची माणसाच्या छातीएवढी, पोट मोठे, तोंड लहान. मास्तर तिला रांजण म्हणत. रांजणात पाणी नव्हते; द्रवरूप नायट्रोजन होता, बर्फालाही हुडहुडी भरेल असा गार. तो रोज थोडा थोडा उडून जातो, म्हणून रोज त्याची खोली मोजावी लागते. त्यासाठी रुग्णालयाची एक पट्टी होती. ती मोडली. मास्तरांनी नवी मागितली. कार्यालयाने कळवले, जुनी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. मास्तरांनी कळवले, जुनीचा अर्धा तुकडा रांजणात पडला आहे. कार्यालयाने विचारले, किती खोलीवर? मास्तरांनी उत्तर दिले, ते मोजायलाच पट्टी हवी आहे. तो कागद अजून फिरतो आहे म्हणतात.

शेवटी मास्तरांनी घरून मला आणले. म्हातारबुवा तेव्हा नुकतेच गेले होते. मास्तरांनी त्यांच्याच रिळाचा लाल दोरा माझ्या विसाव्या आकड्यावर बांधला आणि मला सांगितले, "याच्या खाली जायचं नाही."

रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मास्तर जाड हातमोजे घालत, झाकण उचलत आणि मला आत सोडत. पहिल्यांदा आत गेले तेव्हा काय वाटले, ते सांगायला माझ्याकडे आकडा नाही. वरून पांढरे धुके मला गिळत येई. मग खाली पितळेची टोपी द्रवाला टेकली की भोवती सगळे खदखदून उकळायचे, आणि तरी ते उकळणे गार असायचे. बाहेर काढून हवेत हलवले की जिथवर द्रव होता तिथवर माझ्या अंगावर पांढरे दव गोठे. त्याची वरची रेघ, तोच दिवसाचा आकडा. मास्तर तो वहीत लिहीत.

त्या धुक्यात पत्र्याच्या चपट्या पेट्या उभ्या होत्या. प्रत्येक पेटीत एक पिशवी आणि पिशवीत कुणाच्या तरी मूळपेशी. मूळपेशी म्हणजे अजून काही न झालेल्या पेशी; सांगाल ते रक्त व्हायला तयार. त्या जिवंत नव्हत्या, कारण हलत नव्हत्या, श्वास घेत नव्हत्या. मेलेल्याही नव्हत्या, कारण ऊब दिली की उठल्या असत्या. काहींचे मालक केव्हाच वारले होते. पण पिशवी रद्द करण्याचा अर्ज नातेवाइकांनी भरला नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे त्या पिशव्या अजून वाट पाहत होत्या. आत घड्याळ नसल्यामुळे त्यांना उशीर झाल्याचे माहीत नव्हते.

आणि मास्तरांना बापाची सवय. मला वर ओढण्याआधी ते हमखास दोनदा टेकवत. टक टक. टेबल नसल्यामुळे ती टकटक मधल्या पेटीवर पडे.

अशी बरीच वर्षे गेली. मोठमोठे डॉक्टर पाहुण्यांना रांजण दाखवत आणि म्हणत, "अद्ययावत." मग पाहुण्यांचे लक्ष माझ्याकडे जाई आणि डॉक्टर विषय बदलत.

एका वर्षी तिसऱ्या मजल्यावर चित्रकलेच्या एक बाई दाखल झाल्या. वय सव्वीस. शाळेत चित्रकला शिकवत. सोळाव्या वर्षापासून त्यांना आतड्यांच्या दाहाचा आजार होता. शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरच्याच लोकांना झोडपू लागले, तर घराचे जे होईल ते त्यांच्या आतड्यांचे झाले होते. दहा वर्षांत गोळ्या झाल्या, सुया झाल्या, दोनदा आतड्याचा तुकडा कापून झाला. आख्ख्या शहराचा नकाशा त्यांना स्वच्छतागृहांवरून पाठ होता. वजन इतके उतरले होते की त्यांची आई म्हणायची, "हिला रिक्षात बसवलं तर रिक्षावाला विचारतो, येताय ना?"

डॉक्टरांनी आईला आणि बाईंना समोर बसवून नीट सांगितले. बाईंच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढायच्या, गोठवून ठेवायच्या. मग कडक औषधे देऊन बिघडलेले सगळे पहारेकरी घालवून टाकायचे. आणि मग पिशवी परत शरीरात सोडायची, म्हणजे नवे पहारेकरी तयार होतात, ज्यांना जुने भांडण माहीत नसते.

"हा सगळ्यांसाठीचा उपाय नाही," डॉक्टर म्हणाले. "जोखमीचा आहे. दुखणं काही वर्षांनी परतही येतं. दुसरं सगळं करून झालं, म्हणून मी हे बोलतोय."

"आणि औषधं दिल्यावर पिशवीला काही झालं तर?" आईने विचारले.

"पिशवी एकच आहे," डॉक्टर म्हणाले. 

पिशवी तयार झाली. तिच्याबरोबर नमुन्याच्या दोन छोट्या कुप्याही. मास्तरांनी पेटी रांजणात ठेवली. मधली पेटी नुकतीच वापरली गेली होती, तीच जागा रिकामी होती. कडक औषधांआधी वजन वाढायला हवे, म्हणून बाईंना महिनाभर तिसऱ्या मजल्यावरच ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वॉर्डातल्या सिस्टरना विचारले, "वर सुतारकाम चाललंय का हो?"

"वर गच्ची आहे. तिथे फक्त कबुतरं. का?"

"पाठीच्या कण्यावर दोनदा टकटक झालं. दारावर करतात ना, तसं. पण आतून."

"औषधांनी होतं काहीबाही. लिहून ठेवते."

चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "सिस्टर, घड्याळ बघा. आता होईल." सिस्टरनी घड्याळ पाहिले. दहा वाजून दहा मिनिटे. बाईंनी डोळे मिटले आणि पाहुणा आल्यावर हलवावी तशी मान हलवली.

सिस्टर कामासाठी तळघरात आल्या तेव्हा त्यांनी ही गंमत मास्तरांना सांगितली. "माझी गोळ्यांची वेळ चुकेल, मास्तर, पण त्यांची टकटक चुकत नाही."

मास्तर चहाचा कप विसळत होते. नळ तसाच वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत सोडले, आकडा घेतला आणि मधल्या पेटीवर तीनदा टेकवले. टक टक. आणि थांबून, टक. मग दिवसभर ते दाराकडे बघत बसले. दुपारी सिस्टर आल्या.

"आज एक जास्त झाली म्हणे. तिसरी जरा उशिरा आली म्हणतात. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले मनाचे खेळ."

मास्तर 'हं' म्हणाले. त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. सांगणार कसे? रुग्णालयाच्या कुठल्याही वहीत त्यासाठी रकाना नव्हता. मात्र त्या दिवसापासून ते मला हळुवार टेकवू लागले, झोपलेल्या माणसाच्या दाराशी करतात तसे. आणि ज्यांचे मालक वारले होते, त्या पेट्यांच्या बाजूला त्यांनी मला कधीही नेले नाही. तिथली टकटक कुठे पोचत असेल, हा विचार त्यांनी केला असावा. मी तर अजून करते.

पुढे दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. एक, रांजणावर नवे यंत्र बसले. आत एक तार, भिंतीवर दाराशेजारी लाल आकड्यांची पाटी. आता वाकायला नको, धुके नको; दारातूनच आकडा दिसतो. मला दारामागच्या खिळ्यावर टांगले. तरी मास्तर रोज यंत्राचा आकडा बघून वर माझाही घेत. "यंत्राला बाप नसतो," असे ते म्हणत.

दुसरी गोष्ट, मास्तरांची कंबर धरली. इतकी की पायातले मोजेही वाकून घालता येईनात. पहिल्या दिवशी त्यांनी दारातून पाटी पाहिली, एक्केचाळीस. वहीत एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. मी खिळ्यावरून बघत होते. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी पाटीकडेही नीट पाहिले नाही. वर लिहिलेला आकडा खाली उतरवला. सव्वीस वर्षांत जे त्यांनी दुसऱ्याला करू दिले नव्हते, ते त्यांनी तीन दिवस स्वतः केले. मित्रांनो, मी बोलू शकत नाही. तेव्हा तर फार वाटले की बोलता यावे.

त्याच तीन दिवसांत वर कडक औषधे दिली जात होती. बाई काचेच्या खोलीत होत्या आणि आई काचेबाहेर स्टुलावर. बाईंचे जुने पहारेकरी एकेक करून निघून गेले, चांगले आणि वाईट सगळेच. चौथ्या दिवशी सकाळी हिशोबच करायचा तर बाई तिसऱ्या मजल्यावर होत्या त्याहून जास्त तळघरात होत्या.

दुपारी सिस्टर तोंड झाकून आत गेल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "आज चौथा दिवस. कुणी ठोठावलं नाही."

"बरंच झालं की. निवांत पडा."

"तसं नाही, सिस्टर. आधी वाटायचं, कुणीतरी आहे. आता घर रिकामं केल्यावर वाटतं ना, तसं वाटतंय." मग म्हणाल्या, "आणि पाठ गरम लागतेय."

सिस्टरनी ताप पाहिला. नव्हता. पाठीला हात लावला. पाठ गारच होती. त्यांना का कोण जाणे ते आवडले नाही. बाहेर येऊन त्यांनी तळघरात फोन लावला.

"मास्तर, कंबर काय म्हणते? तुमच्या बाई म्हणतायत, तीन-चार दिवस टकटक बंद आहे. आणि पाठ गरम..."

पुढचे ऐकायला पलीकडे कुणी नव्हते. फोन टेबलावरून लोंबकळत होता.

मास्तरांनी मला खिळ्यावरून ओढले. हातमोजे घातले की नाही, त्यांना आठवत नाही. मला आठवते, एकच घातला होता. झाकण उचलले. धुके वर आलेच नाही, कडेला थोडे घुटमळले. मी खाली जाऊ लागले. लाल दोरा तोंडातून आत गेला, आणखी खाली गेला. पितळेची टोपी कशालाच टेकेना. माझ्या अंगाभोवती काही उकळेना. ती शांतता मला नवी होती. कुठल्याशा पेटीच्या मागून अगदी बारीक चर्रर्र आवाज येत होता, दूरच्या खोलीत कुणी जागे असावे तसा. मग अगदी तळाशी द्रव लागला.

मला बाहेर काढून हलवले. पांढरी रेघ नवावर थांबली. लाल दोरा कोरडा होता. भिंतीवरच्या पाटीवर एक्केचाळीस होते, आणि तसेच राहणार होते, कारण यंत्राच्या तारेवर बर्फ चढून ती त्याच आकड्यावर थिजली होती. जुन्या रांजणाच्या दोन भिंतींमधून गारवा गळत होता. त्याच्या पोटावर घाम आला होता. दारातून तो दिसत नाही.

"दोन दिवस सारखं येत नाही," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. मी तो तीस वर्षे ऐकला होता.

मग त्यांनी नायट्रोजनचे भरलेले नळकांडे एकट्याने ओढत आणले. ते दोघांनी आणायचे असते. कंबरेचे काय झाले, ते त्या दिवशी कंबरेलाही कळले नाही. रांजण भरला आणि ते डॉक्टरांकडे गेले. वही आणि मी, दोघी त्यांच्या काखेत.

"किती दिवस?" डॉक्टरांनी विचारले.

"तीन. आणि आजचाही न बघता लिहिला होता."

"का?"

"कंबर धरली होती." हे कारण उच्चारल्यावर केवढेसे दिसते, ते खोलीतल्या सगळ्यांना दिसले.

"पिशवी?"

"पेटीचा तळ द्रवाजवळ होता. वरच्या भागाचं मी सांगू शकत नाही."

कुपी वापरायचे ठरले. एक कुपी कोमट पाण्यात धरली. थेंबात निळा रंग घातला. मित्रांनो, मेलेली पेशी तो रंग पिते. जिवंत असली तर पीत नाही. डॉक्टर भिंगाशी बसले. तासाभराचे काम. वर आईने सिस्टरना विचारले, "सगळे एकदम खाली का गेले?" सिस्टरनी सांगितले, "मोजदाद आहे." हे खोटे नव्हते, म्हणूनच त्यांना ते जड गेले.

शंभरात एकोणीस निळ्या निघाल्या. बाकीच्या जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पिशवी वर नेली. कोमट पाण्यात सोडली आणि नळीतून बाईंच्या शरीरात गेली. पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा एक वास असतो, लसणासारखा. खोलीभर तो वास सुटला. नाकाला रुमाल लावलेल्या आईलाही आला. फक्त बाईंना आला नाही. त्या म्हणाल्या, "कुणीतरी घरी आलंय. बूट काढतंय."

बारा दिवसांनी रक्तात नवे पहारेकरी दिसू लागले. भेटीला परवानगी मिळाली तेव्हा मास्तर मला घेऊन वर गेले. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, सांगायची गरज नाही. मास्तर म्हणाले होते, आहे. आधी त्यांनी वहीत चार आकड्यांवर रेघ मारून लाल शाईने लिहिले होते : 'मोजले नाही.' मग त्यांनी बाईंना सगळे सांगितले. टकटकीसकट.

बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे ते तुम्ही होतात."

"मी कुठला. ही होती."

"आणि ते तीन दिवस?"

"ते मी होतो," मास्तर म्हणाले.

आईचे ओठ हलले, पण बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "मीही कधी कधी मुलांची चित्रं न बघता गुण देते," त्या म्हणाल्या. "नावावरून. तुम्ही मला आवडत नाही आहात आत्ता, काका. पण सांगितलंत." मग त्यांनी विचारले, "खाली माझं काही उरलंय?"

"एक कुपी. नमुन्याची."

"मग ठोठावत जा."

रांजण दुरुस्त झाला. बाईंची आतडी शांत झाली. अगदी गुणी झाली असे नाही. एखादी गोळी आहे, वर्षाकाठी तपासणी आहे, आणि कुठेही गेल्या की स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघतात, आता निव्वळ सवयीने. त्यांच्यानंतर हाच उपाय झालेल्या एका गृहस्थांचे दुखणे दोन वर्षांत परत आले, तेही मी सांगितले पाहिजे. मोजपट्टीला आवडते-नावडते आकडे नसतात.

मला मात्र तडा गेला. रोज गार, रोज गरम, लाकूड किती सोसणार? नवी प्लास्टिकची पट्टी आली. ती आणायला कसे कोण जाणे एकच अर्ज पुरला. मी खणात पडले. शेजारी सुटी बटणे, बंद पडलेले घड्याळ, तुटका चष्मा. तिथे माझी कुणी चौकशी केली नाही. चौथ्या वर्षीच्या तपासणीला आलेल्या बाई तळघराचा जिना उतरून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काका, पट्टी बदललीत का? गेल्या महिन्यापासून आवाज पोकळ येतोय."

मास्तरांनी खण उघडला. मी रुग्णालयाच्या नोंदीत कधीच नव्हते, म्हणून मला नेण्यासाठी अर्ज लागला नाही.

आता मी बाईंच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेली असते. तळहातांसाठी माझा उपयोग होत नाही. रोज दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या अंगावर पांढरे दव उमटते, भर वर्गात, भर उन्हाळ्यात. मुलांना त्याचे काही वाटत नाही. मुलांना खरी गोष्ट लवकर पटते. वर्गनायिका रेघ वाचते आणि फळ्याच्या कोपऱ्यात रांजणाचा आकडा लिहिते. चाळीस. एकोणचाळीस. भरणा झाला की पुन्हा एक्केचाळीस. बाई तिकडे एकदा बघतात आणि फुलदाणी काढायला सांगतात.

मास्तर आता घरी असतात. तळघरात नवी माणसे आहेत, चांगली आहेत, भिंतीवर नवी पाटीही आहे. मी तक्रार करत नाही. माझे मागणे एवढेच की, मित्रांनो, तुमच्या हाती कुणाचेही काहीही सांभाळायला दिलेले असेल, तर त्याच्यापर्यंत रोज स्वतः जा, वाका आणि बघा. कालचा आकडा कितीही सुंदर असला तरी तो कालचा असतो.

हे मी आजच का सांगते आहे? कारण काल वर्गनायिकेने चौतीस लिहिले होते आणि आज ती खडू घेऊन उभी आहे, लिहीत नाही. "बाई, रेघ दोऱ्याच्या खाली आहे," ती म्हणाली. "अठरा."

रांजणात आज अकरा जणांच्या पिशव्या आहेत. बाई वर्ग तसाच सोडून तळघरात फोन लावायला गेल्या आहेत. इथून मला घंटी वाजताना ऐकू येते आहे. पलीकडच्या माणसाची कंबर कशी का असेना, त्याने उठून बघावे.